चाळीसगाव : एका तालुक्याच्या गावाची शिरगणती

खानदेशातील कोणत्याही तालुक्याच्या गावाचा इतिहास शोधू लागले की तो साधारणपणे तीन ठिकाणी सापडतो. एक सरकारी गॅझेटियरमध्ये, दुसरा एखाद्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आणि तिसरा गावातील वयोवृद्धांच्या तोंडी. पहिल्यात पाऊस, पिके, बाजाराचा वार आणि लोकसंख्या असते. दुसऱ्यात संस्थापकांची छायाचित्रे आणि देणगीदारांची यादी असते. तिसऱ्यात देवस्थान, यात्रा, पूर आणि दुष्काळ असतात. मी खानदेशातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपापल्या गावाचा इतिहास दोन पानांत लिहून आणायला सांगतो. चाळीसगावची मुले पाटणादेवी लिहितात, भास्कराचार्य लिहितात, रेल्वे जंक्शन लिहितात, केकी मूस यांचे कलादालन लिहितात. हे सारे खरेच आहे. परंतु जो मुलगा ज्या वस्तीतून चालत कॉलेजात येतो, ती वस्ती त्याच्या स्वतःच्या निबंधात नसते. आपली वस्ती हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

म्हणून या लेखात चाळीसगावचा इतिहास मी एका वेगळ्या बाजूने मांडणार आहे. गावात किती माणसे होती, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. त्या माणसांची नोंद कोणी केली, कोणत्या मथळ्याखाली केली, आणि त्या मथळ्याचा त्यांच्या जगण्यावर काय परिणाम झाला, हे प्रश्न विचारल्याखेरीज लोकसंख्येचा आकडा मुका राहतो.

चाळीसगावच्या परिसरात सर्वांत जुनी नोंद सातमाळ्याच्या डोंगरात आहे. पाटणादेवीच्या वरच्या अंगाला, आज कन्नड तालुक्यात मोडणारी पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातील आहेत. तेथील लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. पैठणच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याच्या घराण्याने स्तंभ दिले. एका राजवैद्याने दान दिले. आणि तेथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे. हाताने काम करणारा माणूस आपल्या कामावर आपले नाव आणि आपला धंदा कोरतो, आणि त्यात त्याला संकोच वाटत नाही. संघाच्या भिंतीवर त्याच्या नावाला जागा होती.

आता डोंगर उतरून पाटणला यावे. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या या गावातील शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील राजांनी त्याला दान दिले, असे त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात उघडणाऱ्या मालावरचा, गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, जेवढे घाणे चालतील तेवढ्यांनी पळीपळी तेल द्यावे, अशा प्रकारची कलमे त्यात आहेत. गणिताच्या इतिहासात या लेखाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरीही गोष्ट पाहिली पाहिजे. या लेखात राजाचे नाव आहे, पंडिताची वंशावळ आहे. घाणा चालविणारा मात्र फक्त पळीभर तेलाच्या रूपाने आहे. पितळखोऱ्यात कारागीर देणारा होता आणि नावाने होता. पाटणला तो वसुलीचा आकडा झाला. हे अंतर केवळ काही मैलांचे आणि काही शतकांचे नाही. ते दोन समाजव्यवस्थांतील अंतर आहे.

यानंतर मोठी उडी घेऊन आपण १८१८ साली येतो. त्या वर्षी खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा तो ओसाड पडलेला मुलूख होता. १८०२ नंतरची होळकरी लूट, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेशवाईच्या अखेरची बेबंदी यांनी गावेच्या गावे उठली होती. सातमाळा आणि सातपुड्यातील भिल्लांना नव्या सरकारने प्रथम लुटारू म्हणूनच नोंदले, आणि १८२५ मध्ये धरणगावला आउट्रमच्या हाताखाली त्यांचेच सैन्य उभारून त्यांच्याच भाऊबंदांवर घातले. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटाला आजही लोक औट्रम घाट म्हणतात. ज्यांचा तो डोंगर होता त्या भिल्लांचे नाव घाटाला मिळालेले नाही.

ओसाड मुलखात पुढे माणसे येत गेली. १८७२ च्या पहिल्या खानेसुमारीत खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. १८९१ पर्यंत ती चौदा लाखांवर गेली. आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत, दुष्काळ आणि प्लेगच्या काळात, ती तेथेच थबकली. या वाढीमागे कापूस होता, आणि कापसामागे रेल्वे होती. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाववरून पुढे गेली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १९०० मध्ये चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत फाटा निघाला आणि गाव जंक्शन झाले. १९०१ मध्ये गावाची वस्ती सुमारे दहा हजार होती. पुढे लक्ष्मीनारायण मिल आली, जिनिंग आले, बाजारपेठ वाढली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९७,५५१ आहे. म्हणजे एकशे दहा वर्षांत गाव जवळजवळ दहापट झाले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले; चाळीसगाव पूर्व खानदेशात, म्हणजे पुढच्या जळगाव जिल्ह्यात राहिले.

गॅझेटियरच्या पद्धतीने लिहायचे तर चाळीसगावचा इतिहास येथे संपतो. आपला मात्र येथे सुरू होतो.

तालुक्याचे गाव हे खेड्यातील महाराला नवे नव्हते. गावचा वसूल आणि सरकारी कागद तालुक्याला पोचवणे, अंमलदाराच्या पुढे चालणे, सीमेची साक्ष देणे ही वतनी कामे त्याच्याच अंगावर होती. १८७४ च्या वतन कायद्याने या गुलामगिरीला कायद्याची चौकट दिली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे तालुक्याच्या कचेरीची वाट महाराच्या पायाखालची होती, पण कचेरीच्या आत त्याला काम नव्हते. रेल्वे आल्यावर प्रथमच असे एक ठिकाण निर्माण झाले, जेथे पैसे देऊन तिकीट काढले की डब्यात बसता येत होते. आमच्या अनेक घराण्यांना मुंबई, भुसावळ, नागपूर या वाटा रेल्वेने दाखवल्या. रेल्वेने जात मोडली, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु चाळीसगाव स्टेशनच्या बाहेर १९२९ मध्ये जे घडले ते पाहिले म्हणजे हा मोह आवरावा लागतो.

त्या वर्षी मुंबई सरकारने नेमलेल्या, स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे एक सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशच्या दोन जिल्ह्यांची चौकशी करीत होते. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावात स्पृश्यांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. तेथील महार मंडळींनी रात्रभर मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनवर हारतुरे झाले, पण पुढे काही हलेना. जवळजवळ तासाभराने एक टांगा आला. महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे होता. टांगा निघाल्यावर थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. नदीवर कठडे नसलेली दगडी फरशी होती. कडेला फक्त अंतराअंतरावर दगड उभे केलेले होते. रस्त्यावरून फरशीवर यायला काटकोनात वळावे लागे. त्या वळणावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह नदीत कोसळला. ते बेशुद्ध पडले. पायाचे हाड मोडले.

चौकशीअंती कळले ते असे. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. आणि आपल्या साहेबांनी पायी चालत वस्तीत यावे, हे महार मंडळींना सहन होत नव्हते. शेवटी तडजोड निघाली: टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा मात्र महारांनी आपला आणायचा. टांगा हाकणे हा आमचा धंदाच नव्हता. जो पुढे झाला त्याने हिंमत केली आणि वाटेत त्याची हिंमत सुटली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ओळखले जाणारे ते टिपण १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने छापले.

हा प्रसंग आपण व्याख्यानांतून अनेकदा ऐकतो, आणि तो बाबासाहेबांवरील अन्यायाचा प्रसंग म्हणून ऐकतो. तो तसा आहेच. परंतु चाळीसगावच्या इतिहासाचे साधन म्हणून तो कुणी वाचला आहे काय? एका संध्याकाळचे हे वर्णन गावाचा जो नकाशा दाखवते, तो कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. स्टेशन एका टोकाला, महारवाडा नदीपलीकडे. मध्ये बिनकठड्याची फरशी. रेल्वेच्या डब्यात बाबासाहेबांचे तिकीट चालले. स्टेशनच्या आवारातून बाहेर पडताच भाड्याचे पैसे चालले नाहीत. म्हणजे नवे शहर रुळांच्या बाजूने वाढत होते, परंतु त्याची नवी रीत स्टेशनच्या फाटकाशी थांबत होती. माणूस बॅरिस्टर आहे, कायद्याचा प्राध्यापक आहे, कौन्सिलचा सभासद आहे, सरकारी समितीवर आहे. टांगेवाल्याच्या दृष्टीने त्याचा रकाना एकच होता.

आणखी एक गोष्ट. १९२३ मध्येच सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत असे कौन्सिलने म्हटले होते. १९२७ मध्ये महाडला त्याची परीक्षा झाली. स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात स्पष्टच म्हटले की हक्क कागदावर दिले तरी ते वापरणे कठीण जाईल, कारण मारहाणीचे भय आहे आणि त्याहून मोठे भय बहिष्काराचे आहे. पोट ज्याच्या हातात त्याच्याविरुद्ध हक्क बजावता येत नाही. समितीचा एक सदस्य चाळीसगावच्या फरशीवर पडला होता, हे लक्षात ठेवून ही वाक्ये वाचली म्हणजे त्यांचे वजन कळते.

आता लोकसंख्येकडे परत वळू. १९३१ ही जातनिहाय तक्ते छापणारी इंग्रजी राजवटीतील शेवटची खानेसुमारी. स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या जाऊ लागल्या. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. तिचा परिणाम खानेसुमारीत जितका स्पष्ट दिसतो तितका भारतातील दुसऱ्या कोणत्याही सामाजिक चळवळीचा दिसत नसेल. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ मध्ये बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये झाले २७,८९,५०१. पाच वर्षांत सत्तावीस लाख माणसांनी, त्यांत चाळीसगाव, अमळनेर, भुसावळ, धुळे येथील वस्त्यांनी, सरकारच्या तक्त्यातील आपला रकाना आपल्या हाताने बदलला. ज्यांना आजवर दुसऱ्यांनी मोजले, नावे ठेवली, त्यांनी प्रथमच प्रगणकाला आपले उत्तर सांगितले. माझ्या मते महाराष्ट्राच्या विसाव्या शतकातील हा सर्वांत मोठा लिखित दस्तऐवज आहे. त्यावर सह्या नाहीत, कारण सही करता येणारे त्यात थोडेच होते.

परंतु राज्यसंस्थेने या उत्तराची किंमत वसूल केली. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू, आणि पुढे शीख, असला पाहिजे होता. बौद्ध झालेला माणूस त्या रकान्यातून बाहेर पडला. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवल्या हे खरे. पण केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ यांचे दार बंद राहिले. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची निवड, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे या कारणावरून रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा कायम झाला. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे सात टक्के होते. १९९० मध्ये कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला आणि १९९१ मध्ये हेच प्रमाण अकरा टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत अनुसूचित जातींच्या घरांत काही एवढी मुले जन्मली नव्हती. जी माणसे त्याच वस्त्यांत, त्याच नदीकाठी राहत होती, ती तीस वर्षे एका रकान्यातून गायब होती, एवढेच.

चाळीसगावच्या संदर्भात हा प्रश्न पुस्तकी नाही. चाळीसगाव विधानसभा मतदारसंघ २००४ च्या निवडणुकीपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तो खुला झाला. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायत आणि नगरपालिकेतील राखीव जागा जनगणनेतील प्रमाणावर ठरतात. म्हणजे दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला आपण काय सांगतो, त्यावर आपल्या वॉर्डाचे भवितव्य काही अंशी ठरते.

२०११ मध्ये आमच्या घरी प्रगणक आले तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. प्राथमिक शाळेचे गुरुजीच होते ते. धर्म विचारला, वडिलांनी बौद्ध सांगितले. अनुसूचित जातीचे आहात काय, विचारले. वडील हो म्हणाले. मग यादीतील जातीचे नाव विचारले. वडिलांनी पुन्हा बौद्ध सांगितले. गुरुजी म्हणाले, "दादा, ते धर्मात लिहिलं. इथं जात लागते." वडील गप्प झाले. तरुणपणी ज्यांनी घरातले देव नदीत सोडले, त्यांच्या तोंडून तो शब्द निघेना. शेवटी आतून आजी म्हणाली, "लिखी ल्या गुरुजी, महार. आते काय भ्याव शे?" गुरुजींनी लिहिले. वडील दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

या दोघांत कोण बरोबर होते, हा प्रश्न मी बरीच वर्षे मनात वागवला आहे. वडिलांच्या मौनात १९५६ होते. जे नाव टाकून दिले ते पुन्हा उच्चारणे म्हणजे त्या नावाच्या घरात परत जाणे, असे त्यांना वाटले. आजीने त्या नावाने वेठ केली होती, शिव्या खाल्ल्या होत्या. तिला ते नाव आता घाबरवू शकत नव्हते. आणि हा पेच केवळ आमच्या घरातला नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांतील सुमारे ५२ लाख अनुसूचित जातीतही मोजले गेले. उरलेल्या सुमारे तेरा लाखांत पिढीजात बौद्ध असतील, इतर समाजातून आलेलेही असतील. पण त्यांत माझ्या वडिलांसारखी, दुसऱ्या प्रश्नाला पहिलेच उत्तर देणारी माणसे किती असतील याचा विचार केला पाहिजे. दुसरीकडे, जुन्या जातीचे नाव सांगताना धर्माच्या रकान्यातही सवयीने किंवा भीतीने हिंदू लिहू देणारेही आपल्या वस्त्यांत आहेत.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढच्या जनगणनेत सर्वच जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. १९३१ नंतर प्रथमच गावाचा पूर्ण नकाशा कागदावर येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. अशा वेळी आपल्या मंडळांनी आणि विहारांनी हा विषय केवळ भावनेवर सोडू नये. माझे मत मी स्पष्ट मांडतो. धर्म हा आपण स्वीकारलेला आहे. तो निःशंकपणे बौद्ध लिहावा, कुणी प्रगणक पेन्सिलीने काही लिहू लागला तर शाईने लिहायला लावावा. जात ही आपल्यावर लादलेली आहे. तिच्या रकान्यात यादीतील नाव सांगणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे. कुठल्या वस्तीवर किती पिढ्या अन्याय झाला त्याचा हिशेब ठेवायचा, तर खात्याला नाव लागते. पहिल्या रकान्यात आपण काय झालो ते सांगावे, दुसऱ्यात आपल्याला काय केले गेले ते सांगावे. ज्यांना हे पटत नाही त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. माझे वडील त्यांच्यातलेच होते. परंतु निष्ठेमुळे संख्या घटते आणि संख्या घटल्याने वाटा घटतो, हा तीस वर्षांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

त्याबरोबर आणखी एक काम आहे, आणि ते सरकार करणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावातील आपल्या वस्तीचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. वस्ती कोणत्या साली कुठे होती, नदीच्या कोणत्या अंगाला होती, पाणी कुठून आणत, पहिला मॅट्रिक कोण, रेल्वेत पहिला कोण लागला, धम्मदीक्षेला नागपूरला कोण गेले, पूर आला तेव्हा पहिले पाणी कुणाच्या घरात शिरले. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरात पाणी घुसले. नदीकाठची वस्ती नदीकाठी का आहे, हा प्रश्न त्या वेळी कुठल्या बातमीत विचारला गेल्याचे मला आठवत नाही. त्याचे उत्तर पर्जन्यमानात सापडत नाही. ते गावकुसाच्या इतिहासात आहे. चाळीसगावची लोकसंख्या ९७,५५१ आहे, एवढे आपल्या मुलांना पाठ असते. त्यांतील किती जणांच्या आज्यापणज्यांना नदीच्या पलीकडेच राहावे लागले होते, हे त्यांनी यंदाच्या सुट्टीत आपल्याच आळीत घरोघर जाऊन विचारावे आणि वहीत लिहून आणावे.